मागची डावी खुर्ची

गाडी निवडण्याचं काम केतकीकडे आलं, कारण धुमाळांच्या घरातली बहुतेक कामं शेवटी तिच्याकडेच येत.

घर शिरवळला, माणसं नऊ, आणि सगळ्यांची कामं पुण्यात. केतकी एका दूधप्रकल्पाच्या प्रयोगशाळेत होती. तिचा नवरा निरंजन पाणीपुरवठा खात्यात अभियंता. धाकटा दीर विक्रांत आणि त्याची बायको प्राची एकाच बँकेत, त्यांची जुळी मुलं पुण्यातल्या शाळेत. केतकीची मुलगी शाल्मली इंजिनिअरिंगला. निरंजनची थोरली बहीण लग्न मोडल्यावर माहेरी परतली होती. घरात तिला सगळे आक्का म्हणत, मुलं आत्या म्हणत, आणि ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करी. नववे अप्पा, केतकीचे सासरे. त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे.

दोन गाड्यांत ही सगळी माणसं कोंबून कात्रजच्या बोगद्यापर्यंत पोचायचं, तिथे अडकायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं, यात सगळ्यांचे स्वभाव बिघडत चालले होते. त्यातच महामार्गाला लागून नवी वेगपट्टी सुरू झाली. तिच्यावर फक्त स्वतः चालणाऱ्या गाड्यांना परवानगी होती. जुन्या रस्त्याच्या निम्म्या वेळात माणूस पुण्यात पोचत होता.

शोरूममध्ये केतकी आक्कांना बरोबर घेऊन गेली. तिथे दोन गाड्या त्यांच्यासाठी काढून ठेवल्या होत्या. एक साधी मिनीबस, वापरलेली पण चांगली, चालकासकट मिळणारी. दुसरी नवी, स्वतः चालणारी, नाव ‘सोयरा’.

“मला ही बरी वाटते,” आक्का मिनीबसच्या पायरीवर हात ठेवून म्हणाल्या. “चालक समोर दिसतो. काही झालं तर त्याला विचारता येतं.”

“वेगपट्टीवर हिला घेत नाहीत, आक्का. अप्पांना किती वेळ बसवून न्यायचं?”

आक्कांनी पायरीवरचा हात काढून घेतला. आपलं म्हणणं त्या एकदाच सांगत.

सोयराच्या आत नऊ खुर्च्या होत्या, तीन रांगांत, आणि त्या जमिनीतल्या रुळांवर बसवलेल्या होत्या. विक्रेता तरुण होता, आपल्या मालावर त्याचा विश्वास होता. त्याने केतकीला एका खुर्चीत बसवलं आणि समोरच्या पडद्यावर एक थरथरती रेघ उमटली.

“हे तुमचं हृदय,” तो म्हणाला. “प्रत्येक ठोक्याला रक्त वर फेकलं जातं आणि शरीर किंचित खाली दाबलं जातं. बंदूक उडाली की खांद्याला मागे धक्का बसतो ना, तसं. आपल्याला जाणवत नाही, पण खुर्चीला जाणवतं. प्रत्येकाचा हा धक्का वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. गाडी माणसाला त्यावरून ओळखते. तुम्ही दमलात, घाबरलात, झोपलात, सगळं तिला कळतं. अप्पांची तब्येत बिघडायला लागली तर तुमच्या आधी तिला कळेल, आणि ती सरळ हॉस्पिटलकडे वळेल.”

“कुणी कुठे बसायचं?” आक्कांनी विचारलं.

“ते तीच ठरवते. चढलात की तुमच्या खुर्चीच्या हातावर हिरवी रेघ लागते. पहिले काही दिवस ती शिकते, मग घरातलीच होऊन जाते.”

अप्पांच्या तब्येतीचं ते वाक्य केतकीला पुरेसं होतं. तिने सोयरा घेतली.

सुरुवातीचे महिने सगळ्यांना सुखाचे गेले. सकाळी गाडी दारात येऊन उभी राही, दारं उघडत, हिरव्या रेघा लागत, आणि जो तो आपापल्या जागी बसे. नीरेचा पूल ओलांडेपर्यंत मुलांचे डबे उघडलेले असत. प्राची जागेवरच केस विंचरी. अप्पा मधल्या रांगेत खुर्ची आडवी करून पडत आणि कापूरव्होळच्या आसपास घोरायला लागत. रोजची भांडणं थांबली. कोण कुठे बसणार यावरून तर कुणी तोंडही उघडलं नाही, कारण ते ठरवणारं कुणी माणूस नव्हतं.

आक्कांची रेघ नेहमी मागच्या डाव्या खुर्चीवर लागे. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आक्का तशाही कोपऱ्यातच बसणाऱ्या. एखादं वाचलेलं त्या मागून सांगत, कुणीतरी “हो का” म्हणे, आणि बोलणं दुसरीकडे वळे.

त्या हिवाळ्यात शाल्मलीने कॉलेज सोडलं. चाचण्यांना ती बसतच नव्हती हे घरात उशिरा कळलं. तिने भोसरीला वेल्डिंगचं प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केली होती आणि ते तिला मनापासून आवडत होतं. निरंजनने एकदाच तिला समोर बसवून विचारलं. तिने शांतपणे सांगितलं की तिला हातांनी काहीतरी करायचं आहे. “ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्यानंतर तिच्याशी बोलायचाच थांबला. तीही कानांत इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत बसू लागली. संध्याकाळी तिच्या कपड्यांना जळक्या लोखंडाचा वास येई. हे निवळेल, असं केतकी स्वतःला सांगत राहिली. घरात रोज इतकं काही चाललेलं असे की एका माणसाचं गप्प राहणं त्यात सहज मावून गेलं.

पहिला अपघात खेड शिवापूरच्या पुढे झाला. शेजारच्या मार्गिकेतल्या ट्रकवरच्या पाइपांचा पट्टा तुटला आणि पाइप वेगपट्टीवर आले. गाडी एका झटक्यात गिरकीसारखी वळली, मोठा आवाज झाला, आणि सगळं थांबलं. केतकीने आधी अप्पांकडे पाहिलं, मग मुलांकडे. कुणाला ओरखडाही नव्हता. मग तिला मागून कण्हणं ऐकू आलं.

आक्कांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि डाव्या बाजूच्या बरगड्यांना तडे गेले होते. एक पाइप मागच्या डाव्या कोपऱ्यातून आत घुसला होता.

“देवाची कृपा,” हॉस्पिटलच्या बाकावर अप्पा पुन्हा पुन्हा म्हणत होते. “नऊ माणसं होती आत. एवढ्यावर निभावलं. गाडीचे पाय धरले पाहिजेत.”

संध्याकाळी केतकी एकटी आक्कांपाशी बसली होती. औषधांमुळे आक्कांची जीभ जड झाली होती, तरी शब्द स्वच्छ होते.

“केतकी, एक सांगू? आपटायच्या आधी माझी खुर्ची हलली.”

“धक्क्याने हलली असेल.”

“धक्का नंतर बसला. आधी खुर्ची सरकली. बाहेरच्या बाजूला.” आक्कांनी डोळे मिटले. “कुणीतरी पाहुण्याला पाट सरकवून द्यावा ना, तशी.”

केतकीने ते कुणाला सांगितलं नाही. पण प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेली ती बाई. निरीक्षण सांगणारा माणूस खोटं बोलणारा नसेल तर निरीक्षण तपासायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तिने कंपनीच्या चाकणच्या केंद्रात भेटीची वेळ घेतली. तिथल्या सुरक्षा विभागाच्या अभियंत्याचं नाव असीम तांबोळी. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्याने केतकीचं सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

“तुमच्या नणंदबाईंना बरोबर जाणवलं,” तो म्हणाला. “खुर्ची आधीच सरकते.”

“का?”

त्याने टेबलावरचा रिकामा कागदी पेला पुढे ओढला आणि मुठीने तो हळूच चेपला. “धावणाऱ्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. गाडी अचानक थांबली तर ती ऊर्जा नाहीशी होत नाही. पत्रा चुरगळतो, त्यात थोडी जाते. फुगे फुगतात, त्यात थोडी जाते. उरलेली माणसांच्या अंगात शिरते. जुन्या गाडीत ती कुठे शिरेल हा नशिबाचा भाग होता. या गाडीकडे धडकेआधी जवळजवळ एक सेकंद असतो. तेवढ्यात ती अंग वळवते, काही खांब कडक करते, काही मऊ सोडते, खुर्च्या सरकवते. एकूण इजा सगळ्यात कमी व्हावी म्हणून. आणि ती कमीत कमी इजा कुणाच्या तरी वाट्याला जातेच.”

“आणि ते कुणीतरी कोण, हे तुम्ही ठरवता.”

“आम्हाला परवानगीच नाही. वय, स्त्री-पुरुष, आजारपण, कशावरूनही ठरवायला कायद्याने बंदी आहे. पहिल्या मॉडेलमध्ये आम्ही ते घरच्यांवर सोडलं होतं. क्रम तुम्हीच भरा.” तो थोडा थांबला. “लोकांनी जे क्रम भरले, ते पाहिल्यावर न्यायालयाने तेही बंद केलं. मग उरला एकच मार्ग. कुणी काही सांगायचं नाही. गाडी घराकडे बघून शिकेल.”

“काय बघून?”

“ठोके. एक माणूस बोलला, हसला, खोकला, उतरायला उशीर झाला, की बाकीच्यांच्या ठोक्यांत फरक पडतो. कुणामुळे किती पडतो, हे गाडी महिनोन्‌महिने मोजत असते. ज्याच्यामुळे सगळ्यांत जास्त फरक पडतो, त्याला काही झालं तर घराला सगळ्यांत जास्त लागेल, असा तो हिशेब.”

“आणि आमच्या आक्का?”

तांबोळीने पडद्यावर काहीतरी उघडलं, वाचलं, आणि पडदा तिच्याकडे वळवला नाही.

“त्या बोलल्या की गाडीतल्या कुणाच्याच ठोक्यांत फरक पडत नाही,” तो म्हणाला.

बाहेर पडताना केतकीने विचारलं की हा क्रम बदलायचा कसा. तो म्हणाला, सूचना देऊन बदलत नाही, वागण्याने बदलतो. दुसरी गाडी घेतली तर? वेगपट्टीवरच्या सगळ्या कंपन्यांना हाच नियम आहे, तो म्हणाला, आणि घराबद्दल गाडी जे शिकते ते घराच्या नावावर असतं, नव्या गाडीत ते आपोआप जातं. भाड्याची आणली तरी तेच.

तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. तिथे कर्मचाऱ्यांच्या सोयरा रांगेत उभ्या होत्या. तांबोळी त्यांच्यासमोरून चालत रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला.

केतकीने गच्चीवर निरंजनला हे सगळं सांगितलं.

“विकूया,” केतकी म्हणाली.

“आणि? जुन्या रस्त्याने अप्पांना नेऊन बघितलंय आपण. परत येताना त्यांची शुद्ध जात होती.” मग जरा वेळाने तो म्हणाला, “आक्काला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. लोक नाटक करायला लागतील. आपण दोघं तेवढं तिच्याशी नीट वागू.”

आक्का बऱ्या होऊन कामावर जायला लागल्या. हिरवी रेघ अजून त्याच खुर्चीवर लागत होती. केतकीने ठरवून आक्कांना बोलतं करायला सुरुवात केली. काय वाचताय? ग्रंथालयात काय झालं? ती विचारायला लागली की निरंजनही मान वळवून ऐके. हळूहळू विक्रांत, प्राची, मुलंही ऐकू लागली, कारण आक्कांकडे सांगण्यासारखं खरोखरच पुष्कळ होतं. वाचनालयात दर सोमवारी येऊन एकाच पुस्तकाचं एकच पान वाचणाऱ्या एका निवृत्त फौजदाराची हकीकत त्यांनी सांगितली तेव्हा विक्रांतला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

आक्का उजळल्या. त्यांनी नवी साडी घेतली. सकाळी गाडीत सांगायला काहीतरी जमवून ठेवू लागल्या. एके सकाळी त्यांची रेघ मधल्या रांगेत, अप्पांच्या शेजारी लागली, आणि केतकीने ती पुन्हा एकदा पाहून घेतली. तिला वाटलं, सुटलो.

मग तिने मागे पाहिलं. मागच्या डाव्या खुर्चीवर रेघ लागली होती, आणि शाल्मली इअरफोन नीट करत तिकडे चालली होती.

त्या दिवशी प्रयोगशाळेत केतकीने एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासला आणि तरी आकडा चुकला.

“हे शक्य नाही,” रात्री तिने सांगितल्यावर निरंजन म्हणाला. “ती माझी मुलगी आहे.”

“मग तिच्याशी बोल.”

“काय बोलू? ती बोलते का माझ्याशी?”

“निरंजन, ती बोलली की तुझ्या छातीत काही होतं की नाही?”

“ती बोलतच नाही ना!” तो म्हणाला. आवाज चढल्याचं कळून त्याने हात खाली घेतला. “घरात येते, जेवते, झोपते. कुणाला काही विचारत नाही, काही मागत नाही. कुठून होणार काही?”

दुसऱ्या दिवशी गाडीत त्याने प्रयत्न केला. मागे वळून, सगळ्यांसमोर, जरा मोठ्याने म्हणाला, “काय शिकवतात सध्या?”

शाल्मलीने एका कानातला इअरफोन काढला. “काय?”

“म्हटलं, वेल्डिंगमध्ये काय शिकवतात?”

“वेल्डिंग,” ती म्हणाली, आणि इअरफोन परत कानात गेला. निरंजन पुढे वळला. त्याची मान लाल झाली होती. नीरा मागे पडली, सारोळा मागे पडलं.

केतकीने मग स्वतःच्या हातात होतं ते केलं. एका सकाळी ती आधी चढली आणि सरळ मागच्या डाव्या खुर्चीत जाऊन बसली. तिची रेघ मधल्या रांगेत डाव्या दाराजवळ लागली होती.

“तू तिथे बस,” ती शाल्मलीला म्हणाली. “मला मागे बरं वाटतं. मळमळत नाही.”

शाल्मलीने खांदे उडवले आणि आईच्या जागी जाऊन बसली. गाडीने मंद आवाजात जागा बदलल्याची दखल घेतली आणि ती निघाली. थांबली नाही, हट्ट केला नाही. केतकी त्या कोपऱ्यात बसली, पाठीमागे पत्र्याची थंड भिंत, आणि कितीतरी दिवसांनी तिला गाढ श्वास घेता आला. रोज तीच तिथे बसू लागली. मुलीला काही होणार नाही याची आपण व्यवस्था केली आहे, या विचाराने ती इतकी निवांत झाली की काही दिवस शाल्मलीशी चार शब्द बोलायचंही तिच्या मनात आलं नाही.

पुढच्या वर्षी माघातल्या एका सकाळी नीरेवर दाट धुकं होतं. पुलाच्या मध्यावर, शेजारच्या जुन्या रस्त्यावरचा एक कंटेनर कठडा फोडून तिरका वेगपट्टीत आला. पुढच्या रांगेत बसलेल्या प्राचीने मुलांना कवटाळलं. केतकीने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि वाट पाहिली. धक्का आता आपल्याला बसणार हे तिला माहीत होतं, तिची तयारी होती.

गाडी मागची बाजू वळवेल असं तिला वाटलं होतं. ती वळली नाही. ती आडवी झाली. केतकीच्या समोर, हाताच्या अंतरावर, मधल्या रांगेतली डावी खुर्ची रुळावरून दाराकडे सरकली. अलगद, काही घाई नसल्यासारखी. शाल्मलीने मान उचलली. तिचा हात खुर्चीच्या हातावरून सुटला आणि तिने मागे वळून आईकडे पाहिलं.

त्यानंतर आवाज झाला.

केतकीला खरचटलंसुद्धा नव्हतं. बाकी कुणालाच नव्हतं. शाल्मलीचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तो वाचवायचा प्रयत्न केला आणि मग तो कापण्यासाठी निरंजनची सही घेतली.

केतकीने हॉस्पिटलच्या जिन्यातून तांबोळीला फोन लावला.

“मी जागा बदलली होती,” ती म्हणाली. “मी तिच्या जागी बसले होते.”

पलीकडे तांबोळीने कुठलंसं दार लावून घेतलं.

“गाडी खुर्ची ओळखत नाही, बाई,” तो म्हणाला. “ठोके ओळखते. माणूस जिथे बसेल तिथे ती त्याला शोधते. रेघ लावते ती फक्त सोयीची जागा, म्हणजे बाकीच्यांना कमी हलवावं लागतं. तुमची मुलगी मागे असती तर पत्रा जाड होता. कदाचित...” त्याने वाक्य सोडून दिलं.

ती जिन्यातच बसून राहिली. मग वर गेली आणि वॉर्डाबाहेरच्या बाकांवर बसलेल्या घरातल्या सगळ्यांना तिने सगळं सांगितलं. चाकण, ठोके, क्रम, आक्का, शाल्मली. काही लपवलं नाही. निरंजन भिंतीकडे तोंड करून उभा होता. प्राचीने मुलांना दुसरीकडे नेलं.

आक्का सगळ्यांत शेवटी बोलल्या. “म्हणजे तुम्ही माझं ऐकत होतात, ते...”

“नाही आक्का,” केतकी म्हणाली. “आधी तेवढ्यासाठी होतं. नंतर खरं होतं.”

आक्कांनी मान हलवली. विश्वास बसल्याची ती मान नव्हती आणि राग आल्याचीही नव्हती. त्यांनी पर्स उचलली, आत जाऊन शाल्मलीच्या कपाळावर हात फिरवला, आणि स्वारगेटला जाऊन एसटी धरली. त्या दिवसापासून त्या जुन्या रस्त्याने एसटीनेच जाऊ-येऊ लागल्या. घरी त्या पहिल्यासारख्याच वागत, पण ग्रंथालयातलं काही सांगत नसत.

शाल्मली शुद्धीवर आल्यावर निरंजन तिच्या उशाशी बसून राहिला. तो घरी गेला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, खुर्ची सरकली ना? मला कळलं होतं.”

“हो.”

“आई म्हणाली, तुमच्या सगळ्यांच्या मनावरून ठरतं.”

“मनावरून नाही,” निरंजन म्हणाला. “मशीन आहे ते. त्याला काय कळतं? ठोके मोजतं नुसतं. चुकीचं मोजतं.”

“चुकीचंच मोजलं?”

त्याला “हो” म्हणायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण इतके महिने, रोज सकाळ-संध्याकाळ, ती मागे बसलेली असताना आपल्या मनात काय असायचं, हे तो आठवू गेला आणि त्याला काहीच आठवेना. ना राग, ना काळजी. फक्त रस्ता, ऑफिस, अप्पांची औषधं. त्याने तिचा हात धरला. हाताच्या तळव्यावर भाजल्याचे छोटे जुने डाग होते. ते त्याने पहिल्यांदाच पाहिले.

“मला माहीत नाही, बाळा,” तो म्हणाला.

तिने हात काढून घेतला नाही. एवढंच.

शाल्मलीला घरी सोडायची वेळ आली तेव्हा कंपनीने दुसरी सोयरा पाठवली होती. तांबोळी म्हणाला होता तसं सगळं शिकलेलं तिच्यात आधीच होतं. जुन्या रस्त्याने न्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. टाके ताजे होते आणि धक्के चालणार नव्हते. अप्पांचंही दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. भर दुपारी हॉस्पिटलच्या दारात गाडी येऊन उभी राहिली, दारं उघडली आणि आत हिरव्या रेघा लागल्या.

चाकांच्या खुर्चीत बसलेली शाल्मली, तिच्यामागे केतकी आणि निरंजन, विक्रांत, प्राची, मुलं, अप्पा. आठ माणसं फरशीवर थांबली होती आणि कुणीच पाऊल पुढे टाकत नव्हतं. प्रत्येक जण कुठली रेघ कुणासाठी आहे याचा अंदाज घेत होता आणि घेत नसल्यासारखं दाखवत होता.

शाल्मलीची जागा मधल्या रांगेत अगदी मधोमध होती. तिच्या नुसत्या नावाने आता सगळ्यांच्या छातीत धडधडत होतं.

अप्पा काठी टेकत सगळ्यांच्या आधी चढले. आपली रेघ शोधत ते मधल्या रांगेतून मागे गेले, आणि मागच्या डाव्या खुर्चीपाशी थांबले. त्यांनी एकदा वळून सगळ्यांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्यांना आणायचं, न्यायचं, वेळेवर गोळ्या द्यायच्या. हे सगळं इतकं बिनचूक चाललेलं होतं की त्यात घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“अप्पा, तिथे मी बसतो,” विक्रांत म्हणाला.

“त्यानं काय होणार?” अप्पा म्हणाले आणि खाली बसले. “पोरीला आधी आत घ्या. उन्हात उभी केलीय.”

तिला आत घेतलं. बाकीचे एकेक करून चढले. दारं मिटली. गाडी हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडली, चौकात वळली, आणि समोर वेगपट्टीची कमान दिसायला लागली. गाडीचा वेग वाढला तसा केतकीला खुर्चीखाली रूळ जाणवला. ती मागे वळली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. शिरांचे फुगवटे आलेला त्यांचा हात खुर्चीच्या हातावर होता.

“अप्पा,” निरंजन एकदम म्हणाला. “काहीतरी बोला.”

“मी? काय बोलू?”

“काहीही बोला. पण बोलत राहा. थांबू नका.”

अप्पांना कळलं. त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली, घसा साफ केला, आणि थोडा वेळ आठवत राहिले. मग ते सांगू लागले की ते सात-आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना पोहायला शिकवण्यासाठी नीरेत ढकललं होतं, आणि पाण्याखाली पहिल्यांदा डोळे उघडल्यावर त्यांना काय दिसलं होतं. हे घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज बारीक होता, मध्येच तुटत होता. बोगदा आला, गाडी अंधारात शिरली, आणि आतली सगळी माणसं जिवाचा कान करून, श्वास रोखून, त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकत राहिली.